पुस्तक मिळालं, अप्रतिम!

मिस्तरी: ते सोड आणि हे ऐक. मी लिफ्टचं पुस्तक पाठवलं होतं ना, त्यावर परवा साहेबाचं उत्तर आलंय. “मित्रा, पुस्तक मिळालं, अप्रतिम! एका बैठकीत वाचून काढलं. प्रत्येक पान वाचलं. प्रत्येक लिफ्ट डोळ्यांपुढे उभी राहिली.”

बायको: साहेब? एका बैठकीत? तुमच्या रजेचा अर्ज वाचायला त्या माणसाला आठवडा लागायचा.

मिस्तरी: निवृत्त झाल्यावर माणूस बदलतो.

बायको: असेल. तुमचा ओला टॉवेल अजून खुर्चीवरच आहे.

मिस्तरी: आता आमच्या त्या बडबड्याचं, रेडिओचं उत्तर ऐक. “काय फोटो, काय भाषा, काय ते आवाज! डोळ्यांत पाणी आलं. सूनबाईला बोलावून दाखवलं.”

बायको: त्याच्या डोळ्यांत पाणी यायला काही लागत नाही. माझ्या भावाच्या लग्नात तो जेवणाच्या रांगेत रडला होता. आणि तिसरा? तुमचा बारक्या?

मिस्तरी: त्याचं नाव काढू नकोस. वाचून दाखवतो म्हणजे कळेल तुला. “पत्र मिळालं. पण त्याला काही जोडलेलं नाही. परत पाठव. वाट बघतो.” बघितलंस? नाकासमोरची फाईल दिसत नाही! आयुष्यभर सायकलींची पंक्चरं काढली की असंच होतं. डोळे ट्यूबच्या पलीकडे जातच नाहीत.

बायको: आयुष्यभर कुठे? आधी तुमच्याबरोबर लिफ्टच दुरुस्त करत होता ना? चौघे एका गाडीतून जायचात.

मिस्तरी: होता. तेव्हाही असाच होता.

बायको: सरका जरा. मला बघू दे. किती पानं आहेत म्हणालात?

मिस्तरी: चौसष्ट. एकशे तीस फोटो, नऊ आवाज आणि दोन व्हिडिओ.

बायको: व्हिडिओ कसले?

मिस्तरी: एकात चौथ्या मजल्यावरचं दार उघडतं.

बायको: आणि दुसऱ्यात?

मिस्तरी: बंद होतं. हसू नकोस. दार बंद होताना जो आवाज येतो ना, त्यावरून दाराखालच्या पट्टीला तेल कमी आहे का जास्त ते कळतं. ज्याने लिफ्ट दुरुस्त केली त्यालाच ते समजणार. हे पुस्तक बाकीच्यांसाठी नाहीच. आम्हा चौघांसाठी आहे.

बायको: मी हसत नाहीये. अठ्ठावीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसले मी. लोक गादीत गुंडाळून शिलाई मशीन आणायचे आणि म्हणायचे, “बाई, कागदपत्रं आहेत.” तुमचं तेच चाललंय. ‘पाठवलेले’ उघडा. तिथे नाही हो, डावीकडे. हं. आता सांगा, फाईल जोडली की पत्राशेजारी क्लिपचं चिन्ह येतं. दिसतंय?

मिस्तरी: चष्मा लावतो.

बायको: चष्म्याने नसलेली क्लिप उगवणार नाही. पाठवताना काही आलं होतं का पडद्यावर?

मिस्तरी: लाल अक्षरांत काहीतरी आलं होतं.

बायको: काय?

मिस्तरी: वाचलं नाही. ‘ठीक आहे’ दाबलं.

बायको: ठीक आहे! वा! तीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्टमध्ये धोक्याच्या पाट्या लावत फिरलात आणि स्वतःला आलेली पाटी न वाचता ‘ठीक आहे’. अहो, ई-मेलमधून पंचवीस एमबी जातात. तुमचं पुस्तक तीनशे चाळीस एमबीचं आहे. फाईल जोडली गेलीच नाही. नुसतं पत्र गेलं, ‘सोबत फोटो आणि आवाजांसह लिफ्टचं पुस्तक जोडलं आहे’ असं लिहिलेलं.

मिस्तरी: म्हणजे कोणालाच नाही मिळालं?

बायको: कोणालाच नाही.

मिस्तरी: पण साहेब तर...

बायको: साहेबाने न मिळालेलं पुस्तक एका बैठकीत वाचलं. रेडिओने सुनेला बोलावून काय दाखवलं ते त्यालाच ठाऊक. मी पहिल्यापासून सांगत होते, ही माणसं नुसती मान डोलावतात. कोणी मेलं तरी ‘अप्रतिम’ लिहून पाठवतील. खरं बोलला तो एकटा पंक्चरवाला.

मिस्तरी: साहेबाने पण नाही वाचलं...

बायको: तोंड का उतरलं इतकं? खोटारडे आहेत, पण जुनेच खोटारडे आहेत. नवीन काय त्यात? उठा, पाणी प्या. मी करते सगळं नीट. लेकीने दाखवलंय मला. फाईल ऑनलाइन ठेवायची आणि पत्रातून फक्त तिची लिंक पाठवायची. ज्याने त्याने आपल्या घरी उघडावी.

मिस्तरी: लिंक नको. बारक्याला जमायचं नाही.

बायको: आत्तापर्यंत त्याचा उद्धार चालला होता, आता काळजी?

मिस्तरी: तसं नाही गं. आपण फाईलच लहान करू. थोडं काही काढून टाकू.

बायको: काढा ना. दाराचे व्हिडिओ काढा, निम्मा भार उतरेल.

मिस्तरी: ते राहू दे. एक्केचाळिसावं पान काढ.

बायको: एक्केचाळीस... यावर तर फोटोच नाही. नुसती अक्षरं आहेत. हे काढून काय होणार? या पानाला वजनच नाही.

मिस्तरी: तरी काढ.

बायको: का?

मिस्तरी: जरा लांबलंय लिहिताना. वाचत बसू नकोस, नुसतं काढ.

बायको: “कापडाच्या गोदामातली मालवाहू लिफ्ट. त्या दिवशी सकाळी बारक्या तपासणी करून, वहीत सही करून गेला. दार उघडं असताना लिफ्ट चालू न देणारा स्विच मधूनमधून अडकतो हे मला माहीत होतं, म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच पुन्हा गेलो. गोदामात कोणी नव्हतं. स्विच वगळून लिफ्ट चालवून बघण्यासाठी मी त्याची दोन टोकं वायरीने जोडली.” अहो, हे काय आहे?

मिस्तरी: पुढे वाचू नकोस.

बायको: “ती वायर काढायची राहिली. वहीत सही करायचीही राहिली. संध्याकाळी दार उघडं असताना लिफ्ट सुटली आणि हमालाचा पाय सापडला. चौकशीत वही उघडली, तेव्हा शेवटची सही बारक्याची होती. मी काही बोललो नाही.”

मिस्तरी: झालं वाचून?

बायको: त्याला कामावरून काढलं तेव्हा तुम्ही घरी येऊन काय म्हणालात, आठवतंय? याच टेबलावर जेवत होतात. “धांदरट आहे, लक्ष नसतं त्याचं, कधीतरी हे होणारच होतं.” आणि मी वाढता वाढता मान हलवली. मीही लोकांना तेच सांगत फिरले. माझ्या खिडकीवर त्याची बायको पार्सल घेऊन आली, तर मी तिच्याशी धड बोलले नाही!

मिस्तरी: लेक लहान होती. माझी नोकरी गेली असती.

बायको: त्याची पोर काय मोठी होती?

मिस्तरी: नव्हती.

बायको: एकोणीस वर्षं झाली. आता एकदम लिहावंसं का वाटलं?

मिस्तरी: पुस्तक जुळवत होतो. सगळ्या लिफ्ट आल्या, तीच राहिली. टाळून पुढे जायला गेलो, पण बोटं चालेनात. मग लिहून टाकलं. पाठवलं. आणि साहेबाचं उत्तर आलं, ‘प्रत्येक पान वाचलं’. मला वाटलं, वाचलं आणि सोडून दिलं त्याने. रेडिओनेही सोडून दिलं. दोन दिवस फार हलकं वाटत होतं बघ.

बायको: ज्याने वाचलंच नाही त्याची माफी खिशात घालून दोन दिवस शीळ घालत फिरत होतात. आणि माफ करणारे ते कोण? पाय कोणाचा गेला, नोकरी कोणाची गेली? साहेबाचं काय गेलं त्यात?

मिस्तरी: बारक्याचं उत्तर आलं तेव्हा मला वाटलं, वाचूनच टोमणा मारतोय. ‘काही जोडलेलं नाही.’ राग आला त्याचा.

बायको: राग! त्याचा! एवढा वेळ शिव्या देत होतात त्या यासाठी होय? तुमच्या मित्रांना नावं ठेवत होते मी. ते निदान न वाचताच खोटं बोलले. तुम्ही सगळं माहीत असून बोललात.

(फोन वाजतो. बायको नाव बघते, उचलते आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवते.)

बारक्या: वहिनी, नमस्कार. घरात आहे का तो?

बायको: समोरच बसलेत. ऐकतायत. बोला, भावोजी.

बारक्या: पुस्तकाचं विचारायचं होतं रे. अजून आलं नाही. दुकानात आज कोणी नाही, म्हटलं आज निवांत बघावं. पोरीने तिचा मोठा स्क्रीन लावून ठेवलाय सकाळपासून.

मिस्तरी: हो... जरा मोठी झालीय फाईल.

बारक्या: साहेबाचा फोन आला होता. त्याला मिळालंय म्हणे. मी विचारलं, गोदामातली लिफ्ट आहे का त्यात? म्हणाला, आहे तर, फार छान लिहिलंय. मी म्हटलं, छान काय असणार त्यात?

मिस्तरी: साहेबाने वाचलेलं नाही. कोणालाच गेलेलं नाही ते.

बारक्या: असं होय. मग बरं. मला आपलं वाटलं, मलाच कसं मिळत नाही. काही चुकतंय का माझ्याकडून.

बायको: ऐकलंत? बोला आता.

मिस्तरी: बारक्या, ऐक. मध्ये बोलू नकोस. गोदामातली ती वायर तू नाही विसरलास. त्या दुपारी मी गेलो होतो. मी जोडली, मीच विसरलो. वहीत सही केली नाही. नंतर गप्प बसलो.

बारक्या: एका मुलाची सायकल आलीय, आत घेतो, थांब.

बायको: थांबलेत ते. कुठे जात नाहीत.

बारक्या: मी सकाळी वायर जोडली होती. चाचणीसाठी. काढली होती. मला आठवत होतं की काढली. चौकशीत तू म्हणालास, “आठवून बघ, नक्की काढलीस का?” तेव्हापासून मला आठवेना. आजही आठवत नाही. रोज बघतो मी ती डोळ्यांपुढे. कधी काढलेली दिसते, कधी तशीच.

मिस्तरी: काढली होतीस तू. मी गेलो तेव्हा स्विच मोकळा होता.

बारक्या: त्या हमालाचे पाय धरले मी. एक होता, एक नव्हता, तरी पाय धरले असंच म्हणतात ना? अजून जातो त्याच्याकडे. त्याच्या तीनचाकी गाडीची चाकं मी बसवून देतो. तो म्हणतो, जाऊ दे, माणसाकडून होतं. एकोणीस वर्षं त्याने मला माफ केलंय. कसली माफी होती ती? कोणाची होती?

मिस्तरी: काय सांगू तुला...

बारक्या: नको सांगूस. सांगितलंस तेवढं बास. हसू येतंय मला. पुस्तकात आवाजही टाकलेस म्हणे.

बायको: भावोजी, माझंही चुकलं. तुमच्या बायकोशी...

बारक्या: ती गेली, वहिनी. मागच्या वर्षी. शेवटपर्यंत म्हणत होती, तुम्ही काढली असणार. मीच तिला गप्प करायचो.

मिस्तरी: मी येतो तुझ्याकडे. आत्ता निघतो. साहेबाला, रेडिओला, सगळ्यांना लिहून कळवतो. कंपनीलाही कळवतो.

बारक्या: येऊ नकोस. आज तोंड बघायचं नाही तुझं. पुढचं पुढे. वहिनी, तुमच्याकडे छपाई होते का कागदावर?

बायको: होते.

बारक्या: ते एक पान छापा. लिंक नको, फाईल नको. मला ते हातात घेऊन हमालाकडे जायचंय. त्याला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.

बायको: छापते. आत्ता छापते.

बारक्या: आणि समोर बसलाय त्याला सांगा, खाली तारीख टाक, वेळ टाक. दुपारची. आणि सही कर. त्या दिवशी राहिली होती.