सापडला म्हनावं तं जाते

...अन् वरून तो मोबाइलवाला मलेच इचारते, "मौसी, कोनाचा फोन उचलला?" आता तुमीच सांगा! अकोल्यात बियान्याच्या कंपनीत माही जिंदगी गेली, दीपमालाबाईनं ऑफिसची टाचनी घरी नेली असं कोनी म्हनून दाखवावं! अन् रिटायर होऊन अमरावतीले येऊन बसली तं चोर? तुमाले सांगतो, फोन माहा, पन चोरीचा!

झालं काय, फोन आंदी कंपनीचा. निरोपाच्या दिवशी आमच्या मॅनेजरनं, खुशालराव साह्यबानं, माह्या हाती ठेवला. "राहू द्या बाई, आठवन म्हनून!" सारे टाळ्या वाजवून राहिले, मी डोळे पुसून राहिली... अन् मंग एक दिवस सकाळी रेंजच गायब! मले वाटलं टावर पडला असन. बंद केला, चालू केला, सिम काढून फुकलं, पदराले पुसलं, गच्चीवर जाऊन हात वर करून उभी राहिली, तं शेजारची मैना खालून म्हन्ते, "काकू, योगा चालू केला काय?" योगा कायचा व माय!

गेली शाहनवाजच्या मोबाइलच्या दुकानात. त्यानं फोनचा तो पंधरा आकडी नंबर टाकून पाहला अन् तोंड असं केलं, जसा पेशंटच गेला. "मौसी, ये तो ब्लॅकलिस्ट हाय. हरवला, चोरी गेला, असं कोनीतरी लिहून देलं. कोनतंबी सिम टाका, नाई चालनार. ज्यानं हरवला म्हनलं, त्यानंच सापडला म्हना लागते." मी म्हनलं, "अरे, मले हार घालून देला तो!" तं म्हने, "हार का बिल है क्या?" अन् मांग कोन उभं? मैना! फोनले काच लावाले आलती. झालं! मी घरी पोचाच्या आंदी बातमी पोचली! भाजीवाली बी मले पाहून गल्ला मांडीखाली सरकवून राहिली ना! फोन माहा, पन चोरीचा!

धरली अकोल्याची एस.टी. अर्ध्या तिकिटात पुरा मनस्ताप! मूर्तिजापूर येईपर्यंत शिव्या पाठ केल्या. गेली, दार ढकललं, "साह्यब, काहून असं केलं?" तं खुशालराव इकडं पाहते, तिकडं पाहते, अन् हळूच म्हने, "बाई, बसा, पानी घ्या. कंपनीचा फोन कोनाले असाच देता येत नाई हो. म्हनून मी हेडऑफिसले कळवलं का हरवला. आता त्या शहान्यायनं पोलिसात देलं, ब्लॉक केला, मले काय मालूम?"

"मंग सांगा ना सापडला म्हनून!"

"सांगतो ना! पन सापडला म्हनलं का तो कंपनीत जमा."

घ्या! हरवला म्हनावं तं बंद, सापडला म्हनावं तं जाते! "अवो, मंग देला काहून?" तं मानूस खाली पाहून म्हने, "तुमी रडून राहिलत्या बाई... मले पाहवलं नाई." आता याले शिव्या देऊ का याच्या पाया पडू? सांगा! साऱ्या पाठ केलेल्या शिव्या गिळल्या मी.

म्हनलं, फोन गेला चुलीत, पन चोराचा शिक्का नोको. "लिहा, सापडला!" तं म्हने, "कोनाले?" म्हनलं, "मलेच! आनखी कोनाले?" "कुठं?" "बसस्टँडवर!" गेलो दोघं ठान्यात. हवालदारानं फोन पाहला, मले पाहलं, अन् उठून उभा राहिला, "बाई, असे लोक राहिले कुठं आता? चांगला चालू फोन, अन् वापस आनून देला!" मी मान हालवली. खुशालराव रुमालात तोंड खुपसून खोकलून राहिला.

अन् मंग ऑफिसात माहा सत्कार! प्रामानिक नागरिक! पुन्यांदा हार, पुन्यांदा टाळ्या. अनलॉक झाला ना फोन, एकदम फुल रेंज, अन् साह्यबानं माह्या डोळ्यादेखत त्याले कपाटात ठेवून कुलूप लावलं. मंग स्वतःचा फोन काढून माहा फोटो घेतला, खुश होऊन म्हने, "भल्ला मस्त आला बाई! तुमच्या नंबरवर पाठवून देऊ?"

"पाठवा," म्हनलं, "सिम अजून त्याच्यातच हाये. तिथं कपाटात बसल्या बसल्या तोच पाहन!"