महिन्यातला दुसरा रविवार

कविता, दशरथभाऊ आणि विहारात जमलेल्या सगळ्या बंधू-भगिनींनो, जय भीम.

सुलोचनावहिनींना जाऊन आज सात दिवस झाले. दोन शब्द बोला म्हणून मला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. रडू येईल म्हणून नाही. लाज वाटते म्हणून. आत्तापर्यंत सगळे वहिनींच्या चांगुलपणाबद्दल बोलले, ते अगदी खरं आहे. मी माझ्याबद्दल बोलणार आहे. ऐकून घ्या.

मी बबन. निघोज्याच्या कंपनीत वहिनींच्या मिस्टरांच्या, दशरथभाऊंच्या हाताखाली मशीन शिकलो. आमच्या खात्यात एक पद्धत होती. कुणी ॲडमिट झाला की वहीचं पान फाडायचं, फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्ट असे तीन रकाने पाडायचे आणि आपापली नावं लिहायची. पेशंटजवळ बसायची ड्यूटी. माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या पानावर पहिलं नाव दशरथभाऊंचं होतं. आठ दिवस आले. स्वतःची शिफ्ट करून आले.

रिटायर झाल्यावर भाऊ विसरायला लागले. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. तेव्हा आपण काय केलं? कुणी पान फाडलं का? नाही फाडलं. कारण भाऊ ॲडमिट नव्हते. चालत होते, जेवत होते. प्लास्टर नाही, सलाईन नाही, मग ड्यूटी कसली लावायची? आम्ही जायचो, चहा प्यायचो आणि विचारायचो, "भाऊ, सांगा बरं, मी कोण?" त्यांना नाव आठवलं नाही की हसायचो. वहिनीसुद्धा हसायच्या. त्या कशा हसत असतील, ते आता कळतंय.

रोज सकाळी भाऊ बूट घालून कंपनीच्या बसच्या स्टॉपवर जायचे. वहिनी शेजारी उभ्या राहायच्या. "आज बस लेट आहे वाटतं," असं म्हणत अर्ध्या तासानं घरी आणायच्या. मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो. बाल्कनीतून बघायचो. एकही दिवस खाली उतरलो नाही.

गेल्या वर्षी वहिनी माझ्या घरी आल्या. अशा पेशंटच्या घरच्या माणसांचा चिंचवडला एक गट भरतो, असं त्यांना दवाखान्यात कळलं होतं. महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी दोन तास. मला म्हणाल्या, "बबनभाऊ, तिथं आपल्यासारखीच माणसं येतात म्हणे. एकमेकांचं ऐकतात. मला एकदा जायचंय. पण ह्यांना एकटं सोडता येत नाही. तेवढे दोन तास तुम्ही बसाल का?"

आणि त्यांनी एक पान पुढे केलं. तीन रकाने पाडलेले. भाऊंकडूनच शिकल्या असणार. तिन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच नाव, सुलोचना. एकच चौकोन मोकळा होता. दुसरा रविवार, सेकंड शिफ्ट. तिथं मी नाव लिहायचं होतं.

मी काय म्हणालो, माहितीय? म्हणालो, "वहिनी, नवऱ्याचं करायला कसली शिफ्ट लावता? भाऊ काय परके आहेत का तुम्हाला?"

वहिनी चहा न घेता उठल्या. पान माझ्या टेबलावरच राहिलं.

मला वेळ होता हो. रिटायर माणसाला रविवार काय आणि सोमवार काय. मी घाबरलो होतो. ज्या माणसानं मला हाताला धरून काम शिकवलं, त्याला धरून संडासाला न्यावं लागेल, याची भीती वाटली. आणि माझी भीती मी वहिनींच्या माथी मारली.

त्या गटात वहिनी एकदाही गेल्या नाहीत. पुढे छातीत दुखायला लागलं, तर तपासून घ्यायलाही गेल्या नाहीत. लेकीला, कविताला फोनवर एकच सांगायच्या, "ह्यांना कुठं ठेवून जाऊ?" कविता, पोरी, तू सोलापूरला होतीस. तू स्वतःला बोल लावू नकोस. मी समोर होतो.

परवा मी पहिल्यांदा भाऊंजवळ दोन तास बसलो. काही अवघड नव्हतं. मी कोण ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी मला शेंगा सोलून दिल्या.

कविता महिनाअखेरीपर्यंत इथं आहे. त्यानंतर काय? ते पान मी आज आणलंय. वहिनींच्या नावाला हात लावलेला नाही. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नवे रकाने पाडलेत आणि दुसऱ्या रविवारी माझं नाव लिहिलंय. एक वर्ष उशिरा लिहिलंय. दाराजवळ पेन ठेवलाय. बाकी चौकोन मोकळे आहेत.

आता आपण उभे राहू आणि वहिनींसाठी दोन मिनिटं शांत राहू. मध्येच भाऊ "सुलू" म्हणून हाक मारतील. मघापासून दोनदा मारलीय. त्यांना कुणी गप्प करू नका. जो शेजारी असेल, त्यानं त्यांचा हात धरा.