वहिनीनं न ऐकलेले शब्द

दादाचं हृदयाचं ऑपरेशन होतं ना, तेव्हाचं सांगतो. कामशेतचं दुकान विकून आलेला सगळा पैसा त्यानं क्रिप्टोत घातलेला. तो काढायला बारा शब्दांची किल्ली लागते, आणि ते शब्द फक्त दादाच्या डोक्यात होते.

आत नेताना त्यानं वहिनीला जवळ बोलावलं. "शब्द पाठ करून घे. मला काय झालं तर पोरीला…"

वहिनी मागं सरली. "मला न्हाई ऐकायचे. ते सांगून तुमी मोकळे व्हाल. बाहेर या, मग सांगा."

"अगं, वेळ न्हाई."

"न्हाई म्हणलं ना."

दार बंद झालं. मला तिचा इतका राग आला, की मी लांब जाऊन बसलो. ती दाराकडं बघत उभीच राहिली.

संध्याकाळी दादा शुद्धीवर आला. वहिनीनं वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला. "हं, सांगा आता."