आखाजीची एसटी

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. हायवे खोदून ठेवलाय, म्हणून जळगाव-धुळे एसटी खेड्यातल्या रस्त्याने वळवली. तिथं पुढे केळीचा ट्रक फसला आणि गाडी जाग्यावरच. माझं डोकं फिरलं होतं. पुढच्या सीटवर एक म्हातारी एकदम उठून उभी राहिली, शेजारच्या म्हाताऱ्याला हलवायला लागली.

"अहो, उठा! मनं माहेर शे हे!"

"झोप बेबा. तुझं माहेर हायवेवर कुठे?"

"हायवे नाहीच हा! तो बघा आमचा निंब. झोका बांधलाय पोरींनी."

"आखाजी आहे. बांधणारच."

"दादा गेला, तेव्हापासून आखाजीला मला न्यायला कोणी मुराळी आला नाही."

"औंदा एसटी आली ना! रडते कशाला?"

"कंडक्टर भाऊ, जरा उतरू का?"

"अक्का, इथं थांबा नाही."

"थांबा नसू दे. माहेर आहे ना."

"अन् तुमची गाडी कुठं पळून चालली हो? जाऊ द्या तिला," म्हातारा कंडक्टरला म्हणाला.

"बरं, जा. ट्रक निघाला की हॉर्न मारतो."

म्हातारी पदर खोचून तरातरा गेली. पोरींनी तिला झोक्यावर बसवलं. लगेच ट्रकही निघाला.

"ड्रायव्हर, मार हॉर्न!"

"ए, थांब! माहेरी आलेल्या बाईला हॉर्न मारून बोलवतात का?"

"मग काय करायचं, आबा?"

"जावई जातो घ्यायला."

म्हाताऱ्याने टोपी सारखी केली, धोतर झटकलं आणि खाली उतरला.