चिमूटभर धूळ

चहा प्यायलेला कीबोर्ड घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांचा जुना कॉम्प्युटर काउंटरवर उघडा पडला होता आणि मेकॅनिक त्याचं झाकण लावत होता.

“झालं, काका. पंख्यात धूळ बसली होती. तापला की अडकायचा.”

“म्हणजे आता अडकणार नाही?”

“अजिबात नाही.”

“मधूनमधूनसुद्धा?”

“अहो, नाही म्हटलं ना!”

“मग थोडी धूळ परत घालता का?”

“काय?”

“सगळी नको. चिमूटभर.”

“काका, माझी थट्टा करताय का?”

“नाही हो. तो अडकला की मी मुलीला फोन करतो. ती तिकडून सांगते, ‘बाबा, हे दाबा, ते दाबा, आता थांबा.’ त्या थांबण्यात आमच्या गप्पा होतात.”

“मग दुरुस्तीला कशाला आणलात?”

“हल्ली रोजच अडकायला लागला. तीच वैतागली, दुकानात न्या म्हणाली.”

“असाच फोन करायचा की.”

“केला होता. ‘काय बिघडलं?’ म्हणाली. काही नाही म्हटलं. ‘मग नंतर बोलू,’ म्हणाली.”

“…घरी प्रिंटर आहे?”

“नाही.”

“तो कोपऱ्यातला घेऊन जा. फुकट.”

“चालतो का?”

“छे! आम्ही तिघांनी हात टेकलेत.”

“तिला जमला तर?”

“प्रिंटर आहे, काका. कुणालाच जमत नाही.”