दरखास्तीतले अलंकार

हसा, हसा पोटभर! मास्तराच्या डोक्यावर घागर पाह्यली का कधी? नाई ना? मंग पाहून घ्या! नदीवरून ही तिसरी खेप, न शाळेची घंटा व्हाले उरला अर्धा घंटा... अन् हे सारं कायच्यानं? तर मराठीच्या पुस्तकातल्या अलंकारानं! वीस वर्सं झाले, मी पोरायले तेच शिकवून राह्यलो!

तुमाले सांगतो, गावातला हातपंप होळीले बंद पडला. एकच पंप, सारं गाव त्याच्यावर. लोक म्हनले, उत्तमराव मास्तर, मंडल ऑफिसले दरखास्त तुमीच लिवा. आमची मंडळी, जयवंताबाई, चुलीजवळून वरडली, "साधं लिवा हो! पंप बंद हाय, दुरुस्त करा. दोन ओळी!" दोन ओळी? मी मराठीचा मास्तर, न दोन ओळी लिवू? मी लिवलं, 'आमच्या लाडक्या हातपंपाने ऐन होळीच्या दिवशी प्राण सोडला.' चेतनगुणोक्ती! 'नदीवरून पाणी आणता आणता गावातील स्त्रियांचे पाय गुडघ्यापर्यंत झिजले.' अतिशयोक्ती! चावडीत वाचून दाखवलं तं बयनाबाईनं डोळ्याले पदर लावला, अन् तिचं घर तं नदीच्या काठालेच हाय!

पन् आमचं मराठी गाव पडलं तेलुगु राज्यात. तिथं तालुके मोडून मंडलं झाले, अन् मंडलाचा साहेब तेलुगु. मराठी दरखास्त आली का गुमास्ता भगवानराव ते तेलुगुत उतरवून साहेबापुढं ठेवते. भगवानराव मानूस लय चांगला, पन् शिकला सारा तेलुगुत. शब्दाले शब्द उतरवला बाप्पा त्यानं, एक अक्षर इकडचं तिकडं नाई!

आठ दिवसानं कागद आला. 'मयताचे वय काय? वारस कोण? पंचनामा का केला नाही?' गेलो भर उन्हात सायकल मारत. म्हटलं, साहेब, कोनी मेलं नाई, अलंकार हाय तो! साहेब चष्म्यावरून पाहत म्हनते, "मास्टरजी, मरा नै तो मरा कायकू लिखे?" आता काय सांगावं या मानसाले?

मंग पंधरा दिवसानं जीप आली. आमाले वाटलं, पंपाचा मिस्त्री आला! कोनी हार आनला, कोनी नारळ आनला... अन् उतरला कोन? अपंगाच्या पेन्शनीचा इन्स्पेक्टर, हातात टेप! साऱ्या बाया चावडीपुढं रांगेत उभ्या केल्या. पाय दाखवा म्हने! जयवंताबाईनं माह्याकडं असं पाह्यलं का... जाऊ द्या. चाळीस बाया, ऐंशी पाय, एक एक मोजला त्यानं! न कागदावर लिवलं, 'सर्व पाय साबूत. दरखास्त खोटी.' मी जीपीमागं धावून राह्यलो, अहो, अलंकार हाय तो! धुराळा खाल्ला नुसता.

तवर उन्हाळा तापला. नदी आटली. वाळूत खड्डे खंदून वाटीवाटीनं घागर भरा लागे... हा अलंकार नोय बरं, खरंच वाटीनं! जयवंताबाईनं माह्याशी बोलनंच सोडलं. तिच्या हाताले वाळूनं चिरा पडलेल्या पाह्यल्या, न लाज वाटली हो मले. म्हून ठरवलं, साहेबाले अलंकार शिकवाचेच! शाळेतला तक्ता गुंडाळून सायकलीले बांधला, भगवानरावाले तेलुगुत सांगाले बाजूले बसवलं, न घेतला साहेबाचा वर्ग! उपमा सांगितली, रूपक सांगितलं, अतिशयोक्ती तं तीनदा सांगितली. साहेब हुशार, बरं का! पहिल्या दिवशी जांभया देत होता, तिसऱ्या दिवशी सोता उदाहरनं देऊ लागला! चपराशी हात जोडून म्हने, "चार दिवस रजा द्या साब, माँ बहुत बीमार है," तं साहेब मले टाळी देऊन म्हनते, "मास्टरजी, अतिशयोक्ती!" तवाच उमजाले पायजे होतं मले... पन् मी काय म्हटलं? "शाब्बास साहेब!"

काल नवी दरखास्त नेली. या खेपेले जयवंताबाईनं समोर बसून लिवून घेतली. 'गावातील हातपंप बंद आहे. पाणी येत नाही. दुरुस्त करावा.' बस! भगवानरावानं उतरवली. साहेबानं एकदा वाचली, दोनदा वाचली, न गालातल्या गालात हसून राह्यला! "वा मास्टरजी! पहले पाँव घिसे, अब पंप बंद! थोडा बहुत तो आता होयेंगा ना?" म्हटलं, नाई हो साहेब, एक थेंब येत नाई! "एक बूंद नै?" साहेब खुर्चीतून उठला आनंदानं! मी वरडून राह्यलो, साहेब, हा अलंकार नोय, नोय, नोय! तं म्हनते, "तीन बार बोले! और जोरदार हो गया!" न लाल पेनानं कोपऱ्यात लिवलं, 'पंप जरा कमी चालतो. घाई नाही.' वरतून मले दहापैकी दहा मार्क दिले. काय करू त्या मार्काचं? पेऊ?

घरी येऊन जयवंताबाईले सारं सांगितलं. आज सकाळी चुंबळ आनली, माह्या डोक्यावर ठेवली, वर घागर ठेवली. म्हटलं, "अवं, मान मोडंन माही!"

"अलंकार हाय तो," म्हने. "चाला, चार खेपा आना."