अर्धी जागी गाडी

तेगू शहरातल्या गॅरेजमध्ये ह्येसुक आपल्या गाडीचं ऑईल बदलून व्हायची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर एक सासूबाई, त्यांचा जावई आणि पुढ्यात उभा मिस्त्री.

"बॅटरी ह्याच्या कॅमेऱ्यानंच खाल्ली," सासूबाई जावयाकडे बोट दाखवत म्हणाल्या. " गाडीत बसवू नको म्हटलं होतं. आठवडाभर बोलले नाही मी ह्याच्याशी."

"मावशी, कॅमेरा काढून बघितला, एकेक फ्यूज काढून बघितला. वीज कुठेच फुकट जात नाही. रात्री गाडी लावता कुठे?"

"दुसऱ्या रांगेत, लोकांच्या गाड्यांपुढे. जागा असते कुठे? न्यूट्रलमध्ये ठेवते, म्हणजे कुणालाही ढकलून सरकवता येते."

"आधी बंद करता, की आधी न्यूट्रल?"

"आधी न्यूट्रल. मग बटण दाबून उतरते."

"तिथंच चुकतंय. अशी ती पुरती बंद होतच नाही, रात्रभर अर्धी जागी राहते. उतरताना टीं-टीं करत नाही?"

"करते की. म्हातारी झाली, कुरकुरायचीच."

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे.

"मिस्त्री, एखादी वायर खराब असेल ना हो?"

"वायरच असणार, आई," जावई म्हणाला. "कॅमेरा लावताना माझ्याच हातून दुखावली असेल."

"बघा! मी सांगत नव्हते?"